शत्रूशी, शत्रूवर, शत्रूविरुद्ध : इंग्रजी कलहवाचक क्रियापदे आणि मराठीचा संबंधविचार

१

नाहूरला आमच्या इमारतीत राहणारी दहावीतली एक मुलगी काही वर्षांपूर्वी आपली इंग्रजी निबंधाची वही घेऊन माझ्याकडे आली होती. विषय होता ‘माझे कुटुंब’. पणजोबांविषयी तिने एक वाक्य लिहिले होते. ते देवनागरीत उतरवायचे तर ‘ही फॉट विथ द ब्रिटिश’ असे होते. शिक्षकांनी ‘विथ’ खोडून तांबड्या शाईने त्या जागी ‘अगेन्स्ट’ लिहिले होते. दुरुस्ती चूक आहे, असे मुलीचे म्हणणे होते आणि ते खरे होते. तिचे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हिंदी सैन्यात शिपाई होते आणि १९४४ साली इटलीच्या आघाडीवर त्यांची पलटण लढली होती. ते ब्रिटिशांच्या विरुद्ध लढले नव्हते, त्यांच्या बाजूने लढले होते. ‘मग मी मराठीत काय लिहू?’ असे तिने विचारले, तेव्हा ‘ब्रिटिशांबरोबर लढले’ हे वाक्य माझ्या तोंडी आले आणि मी थबकलो. मुंबईच्या आजच्या मराठीत हे वाक्यही दुहेरी झाले आहे. ‘तो माझ्याबरोबर भांडला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि तेव्हा तो माझ्या बाजूने भांडला, असे आपल्याला मुळीच म्हणायचे नसते.

इंग्रजीत कोणत्या कलहवाचक क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, हा प्रश्न शाळेत शुद्धाशुद्धतेचा म्हणून शिकवला जातो. तो तेवढाच नाही, असे मला वाटते. लढणारा कोठे उभा आहे, समोरचा त्याचा कोण लागतो आणि लढाई कोणत्या कारणासाठी आहे, या तीन गोष्टी वाक्यात क्रियापदाइतक्याच त्याला जोडलेल्या अव्ययाने ठरतात. गेल्या दोन शतकांत मराठीने इंग्रजीकडून या संबंधांची एक विशिष्ट मांडणी उचलली. त्या मांडणीचा परिणाम आपल्या कायद्यावर, वृत्तपत्री गद्यावर आणि वाङ्मयसमीक्षेवरही झाला. प्रस्तुत निबंधात या घडामोडीचा एक धागा तपासण्याचा विचार आहे.

२

प्रथम इंग्रजीकडे पाहू. ‘विथ’ या अव्ययाची संदिग्धता आधुनिक काळातील हलगर्जीपणातून आलेली नाही. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा एक प्रमुख अर्थ ‘समोर, विरोधात’ असाच होता. सोबतीचा अर्थ दाखवण्यासाठी ‘मिड’ हे वेगळे अव्यय होते आणि त्याचे जर्मन भावंड ‘मिट’ आजही त्याच अर्थाने वापरात आहे. पुढे ‘मिड’ मागे पडले आणि सोबतीचे काम ‘विथ’कडे आले. जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. ‘विथस्टँड’ म्हणजे समोर उभे राहून टिकाव धरणे, या शब्दात तो शिल्लक आहे. ‘फाइट विथ’, ‘क्वारल विथ’, ‘आर्ग्यू विथ’ यांतही तोच जुना अर्थ आहे. म्हणजे ज्या अव्ययाने आज मैत्री सांगितली जाते, त्याच अव्ययाने पूर्वी वैर सांगितले जात होते. दुहेरीपणा टाळायचा असेल तेव्हा इंग्रजी लेखक ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ यांचा आश्रय घेतो.

मराठी विद्यार्थ्याची अडचण मात्र निराळीच असते. तो ‘अटॅक्ड ऑन द एनिमी’, ‘अपोज्ड टु द प्लॅन’ अशी वाक्ये लिहितो आणि त्यांवर शिक्षकांची तांबडी रेघ पडते. वस्तुतः या चुकांमागे सुसंगत तर्क आहे. इंग्रजीत ‘अटॅक’, ‘अपोज’, ‘रेझिस्ट’ ही क्रियापदे सकर्मक आहेत आणि त्यांना अव्यय लागत नाही. पण त्यांचीच नामे झाली की अव्यय येते : हल्ल्याच्या नामापुढे ‘ऑन’, विरोधाच्या आणि प्रतिकाराच्या नामापुढे ‘टु’. मराठीत या कृतींसाठी आपण बहुधा नाम आणि ‘करणे’ यांची जोडी वापरतो : हल्ला करणे, विरोध करणे, प्रतिकार करणे. त्यामुळे मराठी वाक्याच्या पोटात नाम कायम असते आणि प्रत्यय त्या नामाच्या ओढीने येतो. शत्रूवर हल्ला, योजनेला विरोध, जुलमाचा प्रतिकार. विद्यार्थी इंग्रजीत क्रियापद लिहितो, पण विचार नामाचा करतो. त्याचे ‘ऑन’ आणि ‘टु’ नामाच्या दृष्टीने बरोबरच असतात. ही गोष्ट वर्गात समजावून सांगितली तर पाठांतराने न सुटणारी चूक पुष्कळदा सुटते, असा माझा अनुभव आहे.

३

आता आपल्या परंपरेकडे वळू. कलहाच्या क्रियापदांना कोणती विभक्ती लागते, याचा सूक्ष्म विचार पाणिनीने केला आहे. क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्यावर कोप असतो त्याला संप्रदान मानावे, म्हणजे त्याची चतुर्थी करावी, असे तो १.४.३७ या सूत्रात सांगतो. लगेच पुढच्या सूत्रात, उपसर्ग लागलेल्या क्रुध् आणि द्रुह् यांच्या बाबतीत तोच मनुष्य कर्म होतो, असा अपवाद देतो. ज्याची भीती वाटते त्याला मात्र पंचमी. युद्ध करणाऱ्याचा प्रतिपक्ष संस्कृतात सामान्यतः तृतीयेत, बहुधा ‘सह’ या शब्दासह येतो. म्हणजे मनात राग असेल तर समोरचा जणू त्या रागाचा स्वीकार करणारा ठरतो, भीती असेल तर तो भीतीचा उगम ठरतो आणि प्रत्यक्ष युद्ध सुरू झाले की तो त्या कृतीतला सहभागी ठरतो. एकाच शत्रूची ही तीन निरनिराळी नाती व्याकरणाने ओळखली आहेत.

मराठीने ही वाटणी आपल्या पद्धतीने पुढे चालवली. झुंजणे, झगडणे, भांडणे, लढणे यांना ‘शी’ लागतो. रागावणे, चिडणे, चालून जाणे, वार करणे यांना ‘वर’ लागतो. विरोधाला आणि आव्हानाला ‘ला’ लागतो, तर पराभवाला आणि वधाला ‘चा’. राम रावणाशी लढतो, त्याच्यावर बाण सोडतो आणि शेवटी त्याचा वध करतो. एका प्रसंगातले हे तीन प्रत्यय तीन अवस्था दाखवतात. ‘शी’ आहे तोपर्यंत दोघे बरोबरीचे असतात. ‘वर’ आला की कृतीला एकतर्फी दिशा मिळते. ‘चा’ आला की समोरच्याचे कर्तेपण संपलेले असते.

यांतील ‘शी’ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शालेय व्याकरणात तो ‘ने’ आणि ‘ए’ यांच्या पंक्तीला तृतीयेत बसवलेला असतो. पण कुऱ्हाडीने झाड तोडणे आणि शेजाऱ्याशी भांडणे यांतले नाते एक नाही, हे उघड आहे. ‘शी’ दोन पक्षांमधला संबंध दाखवतो आणि तो संबंध गोड की कडू, हे सांगत नाही. शेजाऱ्याशी बोलतात, शेजाऱ्याशी भांडतात, त्याच्याशी सोयरीक करतात आणि त्याच्याशी वैरही धरतात. मराठ्यांनी इंग्रजांशी युद्ध केले आणि १७८२ साली सालबाईला इंग्रजांशीच तह केला. युद्धाच्या आणि तहाच्या वाक्यांत प्रत्यय बदलत नाही. ज्याच्याशी लढायचे त्याच्याशीच उद्या बोलणे करावे लागणार, ही जाणीव त्या प्रत्ययात टिकून आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

जुन्या मराठी न्यायव्यवहारातही याला समांतर असे काही दिसते. मराठेशाहीतील निवाड्यांत वाद घालणाऱ्या दोन पक्षांना अग्रवादी आणि पश्चिमवादी म्हणत. आधी बोलणारा आणि मागून बोलणारा, असा हा क्रमदर्शक भेद आहे. ‘अमुक विरुद्ध तमुक’ हे आज आपल्याला स्वाभाविक वाटणारे खटल्याचे शीर्षक मात्र इंग्रजी न्यायालयांतील ‘व्हर्सस’चे रूप आहे.

‘विरुद्ध’ हा शब्द अर्थातच परका नाही. तो संस्कृत ‘वि’ आणि ‘रुध्’ यांपासून आलेला आहे आणि शास्त्रविरुद्ध, लोकविरुद्ध, धर्मविरुद्ध असे समास मराठीत जुने आहेत. पण त्या समासांत एखादे आचरण एखाद्या नियमाशी जुळत नाही, एवढेच सांगितलेले असते. माणूस माणसाविरुद्ध उभा आहे, असा अर्थ त्यांत मुख्य नसतो. हा दुसरा अर्थ बळावला तो एकोणिसाव्या शतकात कायदा, भाषांतर आणि वृत्तपत्र या तीन क्षेत्रांतून, असे माझे अनुमान आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. या दीड दशकात मराठीचे शब्द आणि रूपे इंग्रजीसमोर ठेवून तपासली जाऊ लागली. कोशात नामाला नाम आणि विशेषणाला विशेषण मिळते. प्रत्ययाला मात्र सहसा नीट प्रतिशब्द मिळत नाही, कारण त्याचा अर्थ दर वाक्यात क्रियापदाच्या संगतीने घडतो. भाषांतरात सर्वांत आधी आणि सर्वांत नकळत जे बदलते ते हेच.

४

या नकळत बदलणाऱ्या गोष्टीवर माणसाचे स्वातंत्र्य कसे अवलंबून राहू शकते, हे भारतीय दंडसंहितेच्या इतिहासात दिसते. १८६०च्या संहितेतील कलम १२१ राणी सरकारविरुद्ध युद्ध करण्यासंबंधी होते आणि तेथे अव्यय होते ‘अगेन्स्ट’. मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्यात असलेले राजद्रोहाचे कलम १८६०मध्ये गळले होते. ते १८७०मध्ये कलम १२४-अ म्हणून आले. त्यात युद्ध नव्हते. सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ची भावना चेतवणे हा गुन्हा होता आणि त्या शब्दापुढे अव्यय होते ‘टु’. कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र सरकारच्या उपायांबद्दलची नापसंती, तिच्यासोबत आज्ञाधारकपणा असेल तर, गुन्हा ठरत नाही, अशी सूट होती. या नापसंतीपुढे अव्यय होते ‘ऑफ’. तेव्हा इंग्रजी वाचकाला हा भेद दोन खुणांनी दिसत होता : भावनेचे नाव वेगळे आणि ती जिला जोडली आहे ती वस्तू वेगळी, म्हणून अव्ययही वेगळे.

हाच मजकूर मराठीत आणायचा तर काय होते ते पाहा. सरकारविषयी अप्रीती आणि सरकारच्या उपायांविषयी नापसंती. दोन्हीकडे ‘विषयी’च येते, किंवा ‘बद्दल’ घेतले तर दोन्हीकडे ‘बद्दल’. मराठी संपादकाला सरकारच्या धोरणाविषयी लिहिताना सरकारविषयी लिहिल्याचा ठपका टाळणे व्याकरणदृष्ट्याही अवघड होते. शिवाय या गुन्ह्याचे मराठी नाव ‘राजद्रोह’ हा समास आहे. समासात विभक्ती लुप्त होते. पाणिनीने द्रोहाचा विषय चतुर्थीत ठेवला होता. समासाने ती खूणही झाकून टाकली. राजाचा द्रोह, राजाशी द्रोह की राज्यव्यवस्थेचा द्रोह, हे शब्द सांगत नाही.

१८९७च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर खटला चालला तो याच कलमाखाली. आक्षेप १५ जून १८९७च्या ‘केसरी’तील मजकुरावर होता. त्यात शिवाजी महाराज परत येऊन सांप्रतची स्थिती पाहतात अशा कल्पनेची एक कविता होती आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांचा वृत्तांत होता. अशा लेखनात ‘कोणाविरुद्ध’ हा संबंध वाक्यात उघड लिहिलेला नसतो. वाचकाने तो पुरवायचा असतो. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलेला अर्थ प्रसिद्ध आहे : ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव आणि त्यात द्वेषापासून दुर्भावापर्यंत सर्व काही येते. प्रीतीचा अभाव ही कृती नव्हे. तिला ‘शी’ लागत नाही, ‘वर’ही लागत नाही. ‘विषयी’ हा एवढाच दुबळा संबंध तिला पुरतो. त्या दुबळ्या संबंधावर शिक्षा उभी राहिली. नऊ जणांच्या ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष ठरवले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१८९८मध्ये कायद्याची दुरुस्ती झाली. द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले, ‘डिसअफेक्शन’मध्ये बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असा खुलासा आला, आणि जुन्या ‘टु’च्या जागी ‘टुवर्ड्स’ आले. याच वर्षी कलम १५३-अ नव्याने घालण्यात आले. प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांमध्ये वैर वाढवण्याचा हा गुन्हा होता आणि त्यात अव्यय होते ‘बिट्वीन’. तिन्ही कलमे शेजारी ठेवली तर साम्राज्याने कलहाचे केलेले वर्गीकरणच समोर येते. ‘अगेन्स्ट’ म्हणजे सरकारवर उघड चालून येणारा. ‘टुवर्ड्स’ म्हणजे सरकारकडे वाईट मनाने पाहणारा. ‘बिट्वीन’ म्हणजे प्रजेत फूट पाडणारा, आणि येथे सरकार दोन वर्गांच्या पलीकडे तटस्थ पंच म्हणून उभे आहे.

१९०८च्या जुलैत न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांवर पुन्हा खटला चालला तो १२४-अ आणि १५३-अ या दोन्ही कलमांखाली. लेख होते ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. या वेळी वर्ग होते इंग्रज आणि हिंदी लोक, आणि त्यांतला एक वर्ग म्हणजेच राज्यकर्ते. ज्याच्या‘विषयी’ अप्रीती पसरते तोच पक्ष, ज्यांच्या‘मध्ये’ वैर पसरते त्या दोहोंतही होता. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. मूळ मराठी लेख ज्यूरीतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्यापुढे होते सरकारी भाषांतर, आणि ते मुळाला धरून नाही हा टिळकांच्या बचावातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. अशा वादात स्वाभाविकपणे शब्दांवर बोट ठेवले जाते, कारण कोश काढून दाखवता येतो तो शब्दांचा. ‘सरकारास सांगणे’, ‘सरकारवर टीका करणे’ आणि ‘सरकारविरुद्ध लिहिणे’ यांतला फरक दाखवायला मात्र कोशाचा उपयोग होत नाही. त्यासाठी भाषेत वाढलेला वाचक लागतो. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाली. तरी लिहिणाऱ्याची वृत्ती एका अव्ययावरून ठरवण्याची सवय संहितेबरोबर गेली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

५

या इतिहासाचा वाङ्मयसमीक्षेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला, कलाकृतीतील न लिहिलेल्या ‘विरुद्ध’चा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७मध्ये रंगभूमीवर आले. नाटकात कीचक आहे, द्रौपदी आहे, भीम आहे आणि कथा महाभारतातली आहे. तरीही प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१०मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटकाच्या नावात आहे षष्ठीचा समास : कीचकाचा वध. ज्या ‘विरुद्ध’साठी बंदी आली ते प्रेक्षकगृहात पुरवले गेले. रूपकाचे सामर्थ्य असे न लिहिलेल्या संबंधात असते आणि सेन्सॉर तो संबंध लिहिलेला आहे असे समजून वाचतो. त्या काळातील नाटकांविषयी लिहिताना आपणही पुष्कळदा सेन्सॉरचेच वाचन प्रमाण धरतो. ‘इंग्रजांविरुद्धचे नाटक’ असे लेबल लावले की द्रौपदी सभेशी कसे बोलते, युधिष्ठिराशी कशी वाद घालते, भीमाकडे काय मागते, हे ‘शी’चे आणि ‘कडे’चे संबंध मागे पडतात.

दुसरा संबंध समीक्षेच्या परिभाषेचा आहे. पाश्चात्त्य नाट्यविचारातील ‘कॉन्फ्लिक्ट’ मराठीत ‘संघर्ष’ झाला. संघर्ष म्हणजे मुळात एकमेकांवर घासणे. त्याला दोन पृष्ठे लागतात आणि दोन्ही झिजतात. पण आमच्या वर्गांतल्या टिपणांत आणि बऱ्याचशा प्रबंधांतही तो ‘व्यक्ती विरुद्ध समाज’, ‘व्यक्ती विरुद्ध नियती’ अशा साच्यांत येतो. हे साचे खटल्याच्या शीर्षकासारखे आहेत. त्यांत वादी आणि प्रतिवादी आधीच ठरलेले असतात आणि समीक्षक न्यायाधीशाच्या जागी बसतो. आपल्या अलंकारशास्त्रातला ‘विरोध’ मात्र दोन अर्थ परस्परांना छेदतात असे भासवून पुढे त्यांचा मेळ लावतो. तो लढाईचे नाव नाही, हे येथे आठवणे उपयुक्त ठरेल.

बोलीकडे पाहिले तर मराठीने ‘शी’ सोडलेला नाही. वृत्तपत्रांत भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम असते आणि गरिबीविरुद्ध लढा असतो. पण माणूस आजाराशी झुंजतो, मृत्यूशी झुंजतो, परिस्थितीशी झगडतो आणि स्वतःशी भांडतो. ‘स्वतःविरुद्ध भांडला’ असे कोणी म्हणत नाही. शासन आणि संस्था यांच्या भाषेत ‘विरुद्ध’ रुळले, तर जिथे समोरचा आपल्या आयुष्यात शिरलेला आहे तिथे ‘शी’ टिकला. कादंबरीचे आणि नाटकाचे क्षेत्र बहुतांशी हे दुसरे आहे.

कोणी म्हणेल, ‘विरुद्ध’ने मराठीला एक नेमकेपणा दिला आणि अन्यायाचे नाव घ्यायला तो हवाच होता. हे मान्य केले पाहिजे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीच्या फौजेतील महार शिपाई ‘इंग्रजांच्या बाजूने लढले’, ‘पेशव्यांशी लढले’ आणि ‘पेशवाईविरुद्ध लढले’ ही तीन वाक्ये एकाच प्रसंगाविषयी लिहिता येतात. पहिल्यात सैनिकी नोकरी दिसते, दुसऱ्यात रणांगण दिसते आणि तिसऱ्यात एका समाजव्यवस्थेला दिलेला नकार दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७च्या १ जानेवारीस तेथे गेले त्यानंतर तिसऱ्या वाचनाला जे बळ आले, ते ‘शी’ने पेलले नसते. बरोबरीच गृहीत धरणारा प्रत्यय, जिथे बरोबरी नाकारली गेली आहे तिथे अपुरा पडतो. म्हणून प्रश्न ‘विरुद्ध’ टाकून देण्याचा नाही. कोठे कोणता संबंध खरा आहे, हे प्रत्येक वेळी पाहण्याचा आहे. इतिहासकाराने आणि समीक्षकाने तो कायद्याच्या किंवा भाषांतराच्या सवयीवर सोडू नये, इतकेच.

त्या मुलीने शेवटी आपले वाक्य बदलले. इंग्रजीत तिने ‘फॉर’ वापरले, म्हणजे पणजोबा ब्रिटिशांसाठी लढले. मराठीत मात्र तिने लिहिले की पणजोबा ब्रिटिशांच्या पलटणीतून जर्मनांशी लढले. दोन्ही वाक्ये शुद्ध होती. पहिल्यात पणजोबांच्या समोर कोण होते ते सांगितलेले नव्हते. दुसऱ्यात ते होते, आणि ते ‘शी’ने सांगितले होते.